पानाची खालची बाजू

पानाची खालची बाजू बघायला मला ज्या माणसाने शिकवलं, त्याच्याविषयी मी आजवर कितीतरी ठिकाणी बोललो आहे. उद्योजकांच्या सभांमध्ये, कॉलेजांत, धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टमध्ये भरणाऱ्या शिबिरांत. विषय ठरलेला असायचा: कारखाना चालवणाऱ्याने निसर्गात वेळ घालवून काय शिकावं. लोक वह्या काढून लिहून घेत. त्या भाषणांत मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. फक्त गोष्ट अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी आता लिहितो आहे. वय अठ्ठ्याहत्तर झालं, अक्षर वेडंवाकडं येतं, पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येण्यासारखं नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा कारखाना होता. गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहान सुटे भाग आम्ही बनवायचो आणि मागच्या शेडमध्ये त्यांना निकेलचा मुलामा द्यायचो. मागच्या भिंतीला लागून नाला, आणि नाल्यापलीकडे एक मळा. दोन भाऊ तो मिळून कसत. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, कडेने शेवंती आणि झेंडू. पहाटे माल काढून बाजारात न्यायचा आणि उजाडता उजाडता परत यायचं, असा त्यांचा दिवस.

मला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक. म्हणून एका सकाळी मी नाल्यावरच्या दगडांवरून पाय टाकत पलीकडे गेलो. दोघांतला धाकटा फ्लॉवरच्या वाफ्यात ओणवा होता. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल. मी त्याला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणालो, तो मला शेठ. ते तसंच राहिलं.

"काय बघता, शेठ?" त्याने विचारलं.

"काही नाही. छान हिरवंगार आहे."

"वरून समदं हिरवंच दिसतं," असं म्हणत त्याने एक पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. खालच्या बाजूला मिरीएवढे करडे ठिपके होते. "वरची बाजू गिऱ्हाइकाला. मालकानं खालची बघायची. वर दिसाया लागलं, की समजा उशीर झाला."

मी त्या दिवशी कारखान्यात गेलो आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मशिनच्या खाली वाकून पाहिलं. तेल गळत होतं, नट सैल होते, एका ठिकाणी वायर उघडी पडली होती. वरून सगळं रंगवलेलं, चकचकीत.

मग रोजचं झालं. भाऊ पाणी देण्याआधी मूठभर माती उचलून दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर पाणी नाही, विस्कटला तर पाणी. "तहान लागली का ते आधी इचारायचं. आपल्या मनानं पाजायचं नाय." मी ते माणसांना लावलं. हुकूम काढण्याआधी जाऊन विचारायला लागलो. पिकानंतर तो एक वाफा विसाव्यासाठी रिकामा सोडायचा. मी रविवारची सक्तीची पाळी बंद केली. माल नापास होऊन परत यायचा तो कमी झाला, माणसं टिकायला लागली, माझा रक्तदाबही उतरला. कारखानदारांच्या एका बैठकीत मी हे सहज सांगितलं आणि तिथून माझी भाषणं सुरू झाली.

मी माझ्या मॅनेजर लोकांनाही मळ्यात न्यायचो. भाऊ त्यांना बांधावरच अडवायचा.

"बूट काढा. मातीला तुमचं वजन कळू द्या."

एकाने विचारलं, "भाऊ, तुम्ही सीझनचं टार्गेट कसं ठरवता?"

"टार्गेट टमाटं ठरवतं. आम्ही नुसती काठी लावतो."

"आणि नाही आलं तर?"

"तर काठीला शिव्या देतो. तुमच्याकडं काठीच्या जागी कोण ऱ्हातं?"

सगळे हसले. तो मॅनेजर जरा कमी हसला. भाऊची बायको, तिला मी वहिनी म्हणायचो, सगळ्यांना कोरा चहा द्यायची, आणि थोरले बंधू विहिरीच्या कठड्यावर बसून लांबूनच म्हणायचे, "या शेठ. आमच्या येड्याला तुम्ही मास्तर केला." त्यात टोमणा होता, पण कौतुकही होतं. दोघा भावांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

हे सगळं मी भाषणांत सांगत आलो. इथून पुढचं सांगितलं नाही.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खाली गेलं. भाऊने विहिरीच्या पोटात आडवी बोअर मारून घेतली. म्हणजे मशीन दोराने विहिरीत सोडायचं आणि भिंतीतून आडवी भोकं पाडत न्यायची, की बाजूचं पाणी विहिरीत झिरपतं. तीन बोअर मारली, तिन्ही नाल्याच्या दिशेने, कारण ओल तिकडे होती. थोरल्यांचा विरोध होता. "आईच्या पोटात भोकं पाडू नको," असं ते म्हणाल्याचं मला वहिनीने सांगितलं. भाऊने ऐकलं नाही. पाणी आलं, आणि थोरले गप्प बसले.

त्याच पावसाळ्यात माझ्याकडे मोठी ऑर्डर होती. मुलामा दिलेला माल धुतला, की त्या पाण्यात ॲसिड आणि निकेल उतरतं. ते साठवायला आमच्याकडे टाकी होती. त्यात औषधं घालून पाणी शुद्ध करायचं आणि मगच सोडायचं असा नियम. त्या टाकीचा पंप बिघडला. मागच्या शेडचा सुपरवायझर माझ्या केबिनमध्ये आला. अंगावरून पाणी निथळत होतं, बाहेर धो धो चालू होता.

"साहेब, टाकी काठोकाठ आहे. पंपाचा पार्ट यायला वेळ लागेल. लाइन थांबवू का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. नाला दुथडी भरून चालला होता.

"पाऊस चांगला आहे," मी म्हणालो. "सोडून दे."

एवढंच. त्याने व्हॉल्व्ह उघडला. पंप दुरुस्त व्हायला उशीर झाला, आणि झाल्यावरही पाऊस आला की टाकी नाल्यात मोकळी करायची सवय पडली. पुढे पुढे तो विचारायलाही येत नसे. फक्त दारातून जाताना म्हणायचा, "पाऊस चांगला आहे, साहेब." मी मान हलवायचो. हे सगळे दिवस मी रोज सकाळी नाला ओलांडून मळ्यात जात होतो. अनवाणी चालत होतो. मूठभर माती दाबून बघत होतो.

निसर्गात वेळ घालवला की माणूस शहाणा होतो, असं मी लोकांना सांगत आलो आहे. तासभर रोज घालवत होतो मी. आणखी किती घालवायला हवा होता?

थंडीच्या सुरुवातीला मेथी वितभरावर येऊन थांबली. कोथिंबीर उगवलीच नाही म्हणावी इतकी विरळ. फ्लॉवरच्या पानांच्या कडा विस्तवाला लागल्यासारख्या करपल्या. एका सकाळी भाऊ माझी वाटच बघत होता. त्याने एक पान खुडलं, उलटं केलं, माझ्या हातात दिलं.

"खालून काहीच नाय, शेठ. कीड नाय, बुरशी नाय. भिंग लावून बघितलं. मंग ह्याला झालंय काय?"

पानाची खालची बाजू खरंच स्वच्छ होती. मी ती बघत राहिलो. आणि मला कळलं. कारण करपलेली ती कड मी ओळखत होतो. आमच्या शेडमागच्या गवताला अशीच कड यायची.

तेवढ्यात थोरले आले.

"शेठ, तुम्ही शिकलेले. सांगा ह्याला. मी बोंबलून सांगत होतो, भोकं पाडू नको म्हणून. खालचं खारं पाणी लागलं का नाय?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी जे म्हणेन ते तो मानणार होता, कारण एवढ्या दिवसांत मी त्याचं सगळं मानलं होतं.

मी म्हणालो, "असू शकतं. आडव्या बोअरने कधी कधी वाईट पाणी येतं."

हे वाक्य मी अनेकदा उलटसुलट करून बघितलं आहे. त्यात तांत्रिक चूक नाही. बोअर नाल्याच्या दिशेने होती, त्यामुळे नाल्यात जे होतं ते विहिरीत लवकर आलं. पण नाल्यात काय होतं, ते मी सांगितलं नाही. खोटं न बोलता खोटं बोलायची ही कला मला धंद्याने शिकवली होती, मळ्याने नाही.

भाऊने खाली मान घातली. थोरले एवढंच म्हणाले, "ऐकलं?"

मग वाटण्या झाल्या. थोरल्यांनी भाऊशी बोलणं टाकलं. आपला हिस्सा विकून ते सिन्नरला लेकाकडे गेले. तिथे त्यांनी नव्याने जमीन कसायला घेतली, पण मळ्यातला माणूस नासवलेल्या विहिरीचा डाग विसरत नाही. लग्नाकार्यात त्यांची माणसं भाऊकडे बोट दाखवत: हाच तो, विहीर ज्यानं मारली. वाटण्यांच्या आधीच भाऊने स्वतः विहिरीत उतरून तिन्ही बोअर बुजवली होती. लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यावर गोणपाट, वर सिमेंट.

आणि मी? मी घाबरलो होतो. बोअर बुजवली त्याच आठवड्यात मी टाकी नाल्यात सोडणं कायमचं बंद केलं. नवा पंप बसवला, पुढे मुलाम्याचं काम बाहेर देऊन ती शेडच पाडली. मला वाटलं, निदान एवढं तरी केलं. पण त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या वर्षी विहिरीचं पाणी थोडं सुधारलं. झालं. भाऊचा गुन्हा सगळ्या भावकीत सिद्ध झाला. भोकं बुजवली आणि पाणी सुधारलं, आणखी काय पुरावा पाहिजे? मी माझं पाप जितकं कमी करत गेलो, तितकं ते त्याच्या नावावर पक्कं होत गेलं.

एकट्याला मळा झेपेना, जमीनही पूर्वीसारखी देईना. मी भाऊला माझ्या कारखान्यात माळी म्हणून ठेवलं. गेटजवळ हिरवळ, कडेला शेवंती. लोकांनी माझी वाहवा केली: बघा, गुरूला विसरला नाही. भाषणात मी हेही सांगायला लागलो. तो रोज सकाळी यायचा, टिनच्या पेटीतून खुरपं काढायचा, पानं उलटी करून बघायचा. मी गाडीतून उतरलो की हात जोडायचा. इतकी वर्षं त्याने मला हात जोडले.

मळ्याच्या जागी आता इमारती आहेत. विहीर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, वर लोखंडी जाळी, जाळीवर कुणीतरी टाकलेली निर्माल्याची पिशवी. मी चालायला तिकडे जात नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ माझ्या घरी आला. कारखाना आता माझा मुलगा बघतो, मी घरीच असतो. भाऊ खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला.

"थोरल्याचं काय खरं नाय, शेठ. अंथरुणाला खिळलाय. मला एकदा त्याच्या पाया पडायचंय."

"मग जा की."

"तो दारात उभं करायचा नाय. तुमचा शब्द मानतो. तुम्ही संगं चला. माफी मागतो. इहीर मी नासवली, एवढं त्याच्या तोंडावर म्हणतो, मंग मी मोकळा."

मी हो म्हणालो. त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं, गाडीत सांगीन.

द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. ड्रायव्हर पाणी घ्यायला उतरला. गाडीत आम्ही दोघंच. भाऊच्या मांडीवर पिशवी होती, त्यात भावासाठी चिकू. मी तोंड उघडलं.

"भाऊ, ती विहीर..."

"राहू द्या, शेठ. तुमचा काय दोष? तुम्ही तर खरं तेच सांगितलं व्हतं."

मागून हॉर्न वाजला, ड्रायव्हर धावत आला. सिन्नरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

थोरले खाटेवर होते. एवढासा देह. मला ओळखलं, भावाकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी म्हणालो, "त्याला बोलू द्या." माझा शब्द त्यांनी मानला. भाऊ गुडघ्यांवर बसला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलं. इहीर मी मारली. तू सांगत व्हतास."

खोलीत त्यांचा मुलगा होता, सून होती, नातवंडं दारात उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. एका वाक्याचं काम होतं. मी घसा साफही केला. थोरल्यांनी सुकलेला हात भाऊच्या टकलावर ठेवला. "जाऊ दे. झालं ते झालं. लय उशीर केलास, येड्या." दोघंही रडायला लागले. मी स्वतःला म्हणालो, आता यांच्या मध्ये येऊ नये. हे दया म्हणून केलं असं मला म्हणता येईल. पण मी स्वतःला चांगला ओळखतो. मला भीती वाटली, बस.

नवव्या दिवशी थोरले गेले.

त्यानंतर भाऊ हलका झाला. शेवंतीची नवी रोपं आणली. मुलगा सांगायचा, "बाबा, भाऊ हल्ली गुणगुणतात." मला जेवण जाईना. जे ओझं त्याच्या अंगावरून उतरलं ते कुणाचं होतं आणि कुठे गेलं, हे मलाच ठाऊक होतं. शेवटी एका सकाळी मी कारखान्यात गेलो, गेटजवळच्या कट्ट्यावर त्याच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. पंप, पाऊस, व्हॉल्व्ह, करपलेली कड. तो खुरप्याच्या टोकाने मातीत रेघ ओढत होता. मी थांबलो तेव्हा रेघही थांबली.

तो म्हणाला, "त्याला माहीतच नाय मंग."

"नाही."

"मला माफ करून गेला तो. कशाबद्दल केलं?"

मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्याने पाय मागे घेतले.

"ते नगं. सिन्नरच्या पोरांना सांगा. भावकीला सांगा."

"सांगतो. उद्याच जातो, सगळ्यांना बोलावून सांगतो."

"तोंडी नगं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तोंडी तुम्ही लय छान बोलता, शेठ. लिहून द्या."

तो दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. चार दिवसांनी वहिनी टिनची पेटी न्यायला आली. मी मुद्दाम गेटवर थांबलो होतो. मी म्हणालो, "वहिनी, पिण्याला तरी तुम्ही नळाचंच पाणी वापरत होता ना?" हा प्रश्न मी इतकी वर्षं मनातल्या मनात विचारून स्वतःच हो म्हणत आलो होतो.

तिने पेटी उचलून कमरेवर घेतली. "नळ वाटण्यांच्या नंतर आला," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी लिहायला बसलो. तीन आठवडे लागले. इथवर जे वाचलंत, ते सगळं लिहून मी मुलाच्या हाती भाऊकडे पाठवलं. सोबत निरोप दिला, की यातलं काही चुकलं असेल तर सांग, मग याच्या प्रती काढून सिन्नरला देतो, भावकीत देतो, आणि पुढच्या महिन्यात धरणाकाठी तरुण उद्योजकांचं शिबिर आहे, तिथे भाषणाऐवजी हेच वाचतो.

मुलगा कागद परत घेऊन आला. भाऊने आपल्या सुनेकडून दोनदा वाचून घेतलं होतं. काही खोडलं नव्हतं. निरोप एवढाच होता: "दोराचं लिहिलं नाय."

मला वाटलं होतं, तो विसरला असेल.

तर ते असं. बोअर बुजवायचं ठरलं त्या दिवशी थोरल्यांनी कुणालाही मदतीला जाऊ दिलं नाही. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यावर संपत होत्या, तिथून पुढे दोरावरच उतरायचं. भाऊने दोर कमरेला बांधला, काठावरच्या आंब्याच्या बुंध्याला एक वेढा दिला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"तुम्ही हाय म्हणून उतरतो," तो म्हणाला.

तो खाली गेला. मी कडेला उभा होतो, पाय रोवून. नाल्यापलीकडे माझ्या मागच्या शेडचं छप्पर दिसत होतं, पंखा फिरत होता. खालून ठोकल्याचे आवाज येत होते. एक बोअर झालं, की दोराला झटका द्यायचा असं ठरलं होतं. पहिला झटका आला. दुसरा आला. तिसरं बोअर सगळ्यात खाली होतं, तिथे पाण्यात मानेपर्यंत उभं राहावं लागत होतं. त्याच पाण्यात. मला माहीत होतं त्यात काय आहे. मी त्याला वर बोलावू शकत होतो. वर बोलावलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

खालून त्याचा आवाज आला, घुमत, कुणाचा म्हणून ओळखू न येणारा.

"शेठ, धरलाय ना?"

मी म्हणालो, "धरलाय."